वरून पाहिलेलं गायरान

सन एकोणीसशे एक्क्याण्णव. तेव्हा माझं वय त्रेचाळीसच्या आसपास. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी आईच्या अंगावर पीत होतो, एवढाच माझा दाखला. आज टीव्हीवर उपग्रह वर जाताना पाहिला आणि त्या सालचा राग जसाच्या तसा उसळला.

वैजापूरकडच्या आमच्या गावात चावडीपुढं सभा भरली होती. औरंगाबादहून आलेले साहेब म्हणाले, "आकाशाबद्दल देशाचं धोरण सरळ आहे. आपण तिथं लढायला जात नाही. जातो ते पाण्यासाठी, पिकासाठी, गरिबासाठी." पहिली टाळी माझी होती. दोन यत्ता शिकलेला धनगर मी, पण ऊर भरून आला. उभा जन्म ज्या आभाळाखाली मेंढ्या वळल्या, तिथं आता देशाचा डोळा, आणि तोही आपल्यासाठी!

मग साहेबांनी उपग्रहाच्या फोटोवरून केलेला नकाशा उलगडला. आमच्या गायरानावर लिहिलं होतं, 'पडीक'. म्हणून तिथं तारेचं कुंपण, झाडं, आणि मेंढरांना कायमची बंदी.

पवन्या गवताचं ते रान. उन्हाळ्यात पार मातकट होतं, पण खाली मूळ जितं असतं. पाऊस पडला की कोवळे कोंब जोर धरेपर्यंत आम्ही एक मेंढी आत सोडत नाही; बापजाद्यांपासूनचा रिवाज. अशा राखलेल्या रानाला पडीक म्हणायचं?

मी उठलो. "सायेब, फोटो कोणत्या महिन्यातला?"

"मे."

"मंग कातरलेली मेंढी बघून तिला लोकरच येत नाय म्हणता का?"

सभा खदखदून हसली. साहेबांचे कान लाल झाले. "मामा, वरून काढलेला फोटो खोटं बोलत नसतो."

"फोटो खरा हाय. वाचणारा अडाणी हाय."

कुणीतरी सदरा ओढून मला खाली बसवलं. एवढ्या उंचावर यंत्र पोचवणाऱ्या देशाला चार पावलं चालून रानाच्या माणसाला विचारता येऊ नये? धोरणात हे एक वाक्य घालायला काय जड होतं? आज म्हातारपणी, एवढी वर्षं उलटली तरी माझं म्हणणं तेच आहे.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन गायरानात गेलो. पवन्याचा गड्डा मुळासकट काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि तहसीलला निघालेल्या पहिल्या एसटीत मांडीवर घेऊन बसलो.