नुसता फ्लॅश

आमच्या स्टुडिओत फोटोचा एकच कायदा: दोन्ही कान दिसले पाहिजेत. लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हापासून दर जूनला बिलोली, चाकूर, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून पोरं यायची आणि आमच्या दारात रांग लावायची. फॉर्मला फोटो, होस्टेलला फोटो, मेसच्या कार्डाला फोटो. मी कॅमेऱ्यामागं, बायको कॅमेऱ्यापुढं. पोरांचे केस ओले करून भांग पाडणं, कॉलर सरळ करणं, गळ्याचं बटण लावणं हे तिचं काम. एखादं पोरगं रडकं तोंड करून बसलं की म्हणायची, "आरं हस की जरा! डॉक्टर व्हायला आलास का फाशी जायला?" फोटो कापणं, पाकिटात भरणं, उशीर झाला म्हणून बोंबलणाऱ्या बापाला गप करणं, सगळं तीच बघायची.

फक्त कॅमेऱ्याला हात लावायची नाही. मी जेवायला घरी गेलो आणि गिऱ्हाईक आलं, तर त्याला बाकड्यावर बसवून ठेवायची. "अगं, सगळं लावून ठेवलंय, नुसतं बटण दाबायचंय," मी म्हणायचो. तिचं उत्तर ठरलेलं, "माझ्या हाताला यश न्हाई त्यात." मला वाटायचं, भित्री आहे. जास्त विचारायच्या भानगडीत मी पडलो नाही, आणि का पडलो नाही ते पुढं येईलच.

आमची पोरगी नांदेडला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. तिनं परस्पर आमचं दोघांचं परदेशी सहलीचं बुकिंग केलं. जावा, बाली, आणखी एक-दोन बेटं, जुनी देवळं, ज्वालामुखी, आणि फोटो काढायला शिकवणारा सर सोबत. "बाबा, आयुष्यभर पांढऱ्या पडद्यापुढं फोटो काढलेत. आता हिरवं-निळं काही बघा," म्हणाली. मी भडकलोच. तीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला कोण शिकवणार? पण बायकोनं तोवर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दोन स्वेटर पिशवीत भरलेसुद्धा होते.

सर पुण्याचा, आमच्या पोरीपेक्षा लहान. फार गोड बोलायचा. रोज संध्याकाळी हॉटेलात भिंतीवर सगळ्यांचे फोटो लावून एकेकाचं ऑपरेशन करायचा. बाकीचे दहा जण काय काय काढून आणत होते, धुकं म्हणू नका, भाताची शेतं म्हणू नका, पाण्यातली सावली म्हणू नका. माझा नंबर आला की खोलीत खसखस पिकायची. देऊळ बरोबर मधोमध, समोरून, वर थोडी जागा, खाली थोडी जागा. झाड तसंच. म्हैस तशीच, दोन्ही कानांसकट. "काका, तुम्ही देवळाचा पासपोर्ट फोटो काढलाय," सर म्हणाला. हसू मलाही आलं, पण रागही आला.

एकदा तर फजितीच झाली. भाताच्या बांधावर एक म्हातारा शेतकरी बसला होता. सगळे त्याचा फोटो घेत होते. वाऱ्यानं त्याचे केस उभे राहिलेले. मला काही बघवेना. खिशातला कंगवा काढला, सरळ त्याच्याजवळ गेलो आणि भांग पाडला. म्हातारा इतका हसला की बांधावरून घसरायचा बाकी राहिला. सर डोक्याला हात लावून म्हणाला, "अहो काका, ते विस्कटलेले केस हाच तर फोटो होता!" बायकोनं मात्र म्हाताऱ्याकडं बघून मान डोलावली. "आता कसा, नवरदेव दिसतो बघा," म्हणाली. त्याला मराठी काय कळणार, पण खूश झाला.

जेवणाचं आमचं बरं जमलं. तिथंही शेंगदाण्याचीच चटणी, फक्त पातळ आणि गोडसर. बायकोनं बोटानं चाटून बघितली आणि निकाल दिला, "लसूण कमी हाय." मग आपल्या पिशवीतली काढून सगळ्या टेबलाला वाढली. त्या रात्रीपासून ग्रुपमध्ये तिचं वजन माझ्यापेक्षा वाढलं. सर तिला काकू, काकू करत मागं लागायचा, "काकू, तुम्ही पण काढा की एक फोटो. माझा कॅमेरा घ्या." ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. "नको बाबा. माझ्या हाताला यश न्हाई."

आता मी काय करून ठेवलं होतं ते सांगतो.

रोलच्या काळात आम्हा फोटोवाल्यांची एक युक्ती होती. लग्नात, बारशात कॅमेरा दिसला की सगळी आळी समोर उभी राहायची. माझा काढा, माझ्या नातवाचा काढा. रोलमध्ये फोटो छत्तीस. नाही म्हणावं तर माणूस रुसतो. मग कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि फ्लॅशच्या मागचं बारकं बटण दाबायचं. लख्ख उजेड पडायचा, फोटो काही निघायचा नाही. माणूस खूश, आपणही मोकळे. आम्ही त्याला नुसता फ्लॅश म्हणायचो. यात पाप आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. महालक्ष्म्यांच्या सणाला आम्ही सासरवाडीला गेलो, औशाच्या पलीकडं, तिच्या गावी. मेहुण्याच्या घरी महालक्ष्म्या झकास मांडल्या होत्या. त्यांचे फोटो, पोरांचे फोटो, भावकीचे फोटो, करता करता रोल संपला. सगळ्यात शेवटी बायको कानाशी येऊन म्हणाली, "आईचा एक काढा. ती कधी म्हणत न्हाई, आज म्हणली." सासूबाई विधवा. पूर्वीच्या रीतीप्रमाणं आमच्या लग्नातसुद्धा त्या मांडवात पुढं आल्या नव्हत्या, त्यामुळं एकाही फोटोत नव्हत्या. जावयाशी त्या थेट बोलतही नसत. अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, दिवाळीला येऊच की, तेव्हा नीट काढू. आणि दाबलं बारकं बटण.

आठवड्यानं गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. सासूबाई, मेहुणा, त्याची बायको, सगळे गेले. त्या दिवसांविषयी मी जास्त लिहिणार नाही. महिन्याभरानं बायकोनं विचारलं, "आईचा फोटो धुतला का?" रोल मी तोवर धुतला होता. शेवटचे तीन-चार फोटो खरोखरच उजेड लागून वाया गेले होते. कसे ते मला कळलं नव्हतं, झाकण सैल असेल असं वाटलं. मी तेच तिच्यापुढं केलं. म्हणालो, "शेवटाला उजेड लागला बघ. आईचा त्यातच गेला." ती काही बोलली नाही. उठून आत गेली. तिचं ते न बोलणं मी दुःखाचं समजलो.

तर जावातलं शंकराचं जुनं देऊळ. काळ्या दगडाचं, उंचच उंच. आत महादेव उभा, बाजूला गणपती. बायकोनं कळसाला हात जोडले, गाभाऱ्यात नमस्कार केला, आणि बाहेर आल्यावर तिला आवारात दगडांचे ढीग दिसले. नुसते रचून ठेवलेले दगड, देवळाच्या चहूबाजूंनी. तिनं सरला विचारलं. सर म्हणाला, "काकू, इथं भूकंप झाला होता. जे दगड परत बसवता येत नाहीत ते असे ठेवलेत." ती त्या ढिगाजवळ गेली आणि एका दगडावर तळवा ठेवून उभी राहिली. मी लांबून बघत होतो. फोटो काढण्यासारखं होतं, पण मी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपनं ज्वालामुखीवर नेलं. आधी नुसती राख, शेवटी पायऱ्या. उजाडता उजाडता कडेला पोचलो. खाली भलं मोठं भगदाड, त्यातून पांढरा धूर, आणि पायाखाली जमीन बारीक घुमत होती, पिठाची गिरणी शेजारच्या गल्लीत चालू असावी तशी. सगळे पळाले आपापल्या जागा धरायला. बायको मटकन खाली बसली. मी पाण्याची बाटली पुढं केली. ती घेतली नाही.

"एक सांगायचंय," ती म्हणाली. "रागावू नका."

"सांग की."

"आईचा फोटो मीच घालवला."

मला काही कळेना.

"महालक्ष्म्या करून परत येताना यष्टीत तुम्ही झोपला होता. कॅमेऱ्याची पिशवी माझ्या मांडीवर. आईचा फोटो आत हाय म्हणून लई बघावं वाटलं. मला काय कळत होतं तवा! मागचं झाकण उघडलं. आत नुसती पट्टी. झटकन लावलं. पुढं तुम्ही म्हणलात उजेड लागला, तवा समजलं मी काय केलं ते. तवापासून कॅमेऱ्याला हात लावायची हिंमत न्हाई झाली."

समोर धूर निघत होता आणि ती पदरानं नाक पुसत होती. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात आधी हेच आलं की गप्प बसावं. झाकण तिनं उघडलंच होतं. उजेड लागलाच होता. मी नुसतं म्हणालो असतो, "जाऊ दे, लहान होतीस तू," तर ती रडली असती, मी पाठीवरून हात फिरवला असता, आणि मी वर भला माणूस ठरलो असतो. पण पंचवीसहून जास्त वर्षं ही बाई माझ्यामुळं स्वतःला गुन्हेगार समजून जगली होती.

"तो फोटो नव्हताच गं," मी म्हणालो. "रोल आधीच संपला होता. मी नुसता फ्लॅश मारला."

नुसता फ्लॅश म्हणजे काय, ते तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं दुकानात होती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ती नजर मला अजून सोसत नाही.

"माझ्या आईला?" ती म्हणाली.

"दिवाळीला नीट काढणार होतो."

"दर सर्वपित्रीला मी आईचं पान वाढून माफी मागते. आणि तुम्ही शेजारी बसून पुरी खाता. तोंडाला कुलूप होतं का तुमच्या? पोरगी झाली तवा सांगायचं. तिचं लग्न झालं तवा तरी सांगायचं!"

भीती होती, दुसरं काय. आधी वाटायचं आत्ता सांगितलं तर कोसळेल, नंतर वाटायचं आता कशाला उकरायचं, आणि मग वर्षं गेली. ती उठली आणि एकटीच पायऱ्या उतरून गेली. राखेत तिच्या चपलांचे ठसे उमटलेले दिसत होते, त्यावरून मीही खाली आलो.

दोन दिवस ती बोलली नाही. म्हणजे जगाशी बोलत होती. सरशी बोलली, ग्रुपमधल्या बायकांशी बोलली, हॉटेलातल्या मुलीला खुणेनं केसांना तेल कसं लावायचं तेही शिकवलं. माझ्याशी फक्त "चटणीचा डबा द्या" एवढंच. संध्याकाळी भिंतीवर माझे फोटो लागले तेव्हा सरसुद्धा काही बोलला नाही. त्याला वाटलं, काकांना टीका झोंबली.

तिसऱ्या दिवशी जावाहून बालीला जायची बोट होती. मोटारी, ट्रक, कोंबड्या, माणसं, सगळं एकाच बोटीत. तासाभराचा प्रवास. ग्रुप वरच्या मजल्यावर फोटो काढत होता. मी खाली बाकड्यावर बसलो होतो. ती आली आणि शेजारी बसली.

"आई कशी दिसत होती हो त्या दिवशी?" ती म्हणाली. "तुम्ही कॅमेऱ्यातनं बघितलं असंल. मी आपली बाजूला उभी. समोरून तुम्हीच बघितलं."

देवा रे. सांगायला काय, काहीही सांगता आलं असतं. हसत होत्या म्हणालो असतो तर तिनं ते जन्मभर जपलं असतं.

"मी बघितलं न्हाई गं," मी म्हणालो. "रोल नसला की कॅमेरा नुसता डोळ्याला लावायचा. पलीकडं कोण हाय ते बघत न्हाई कुणी."

आणि मग मला रडू आवरेना. पोरं बघत होती, कोंबडीवाला बघत होता, पण मी लहान पोरासारखा रडलो. तिनं मला गप केलं नाही. रडू दिलं. मग पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि समोर बघतच बोलायला लागली.

"धुतलेलं लुगडं नेसली होती. डोईवरचा पदर चारदा नीट केला. मी म्हणलं, आई, हात खाली सोड, तर तिला हाताचं काय करावं तेच कळंना. आणि पायात वहिनीच्या नव्या चपला. जन्मभर अनवाणी फिरली ती बाई. म्हणली, 'फोटोत पाय दिसतात गं.' मोठ्या व्हायच्या तिला त्या. निसटू नयेत म्हणून बोटं आवळून उभी होती."

बोटीचा भोंगा वाजला. पलीकडचा किनारा दिसायला लागला होता. ती माझ्याकडं वळली.

"पाय आले असते का हो त्यात?"

"आले असते," मी म्हणालो. "पूर्ण उभाच काढला असता."