विमलची नऊ माणसं

विमल गेल्याचा तिच्या मुलीचा, रंजनाचा फोन आला, तेव्हा मी कर्जतच्या घरी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. "नसीममावशी, आई गेली गं..." एवढंच ती बोलली. आणि मी विचारते काय, तर "कुठे?" काय हे माझं डोकं! पण खरं सांगते, त्या बाईचा पाय आयुष्यात कधी घरात टिकला नाही. गेली म्हणजे कुठेतरी कामालाच गेली असणार, असंच वाटलं मला.

ऐंशीच्या दशकात खोपोलीच्या एका कारखान्यात आम्ही दोघी कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. अख्ख्या कारखान्यात एसी तेवढ्या एकाच खोलीला, आणि तोही यंत्रासाठी. चपला बाहेर काढून आत जायचं. मी म्हणायचे मशिदीसारखं, विमल म्हणायची विहारासारखं, आणि कामगार दारातून डोकावून म्हणायचे, "थंडगार सासर हाय पोरींचं!" मी कार्डांना भोकं पाडायचे, म्हणजे पंचिंग करायचे, आणि विमल प्रोग्रॅम लिहायची. त्याआधी ती टपालाच्या टेबलावर होती. सुटीच्या दिवशी ठाण्याला जाऊन, घरच्यांचं-दारच्यांचं ऐकून घेत हे शिकली आणि भांडून या खोलीत आली.

तिचं काम होतं कामगारांच्या पाळ्यांचा तक्ता. पूर्वी तो टाइमकीपर काशिनाथभाऊ पेन्सिलीने करायचे. मशीनने पहिल्याच महिन्यात एका माणसाला रात्रपाळी देऊन लगेच सकाळपाळीला लावलं. तो बिचारा दारात उभा. "बाय, मी झोपू कधी गं?" मॅनेजरसाहेबांनी सांगून टाकलं, दसऱ्याचा तक्ता शेवटचा. त्यात चूक झाली तर पेन्सिल परत काशिनाथभाऊंकडे आणि विमल परत टपालाला. विमल रडली-बिडली नाही. नुसती म्हणाली, "नसीम, मी परत पाकिटांना डिंक लावणार नाय गं."

अडचण अशी की प्रोग्रॅम तपासायला ती दर वेळी सुचतील ती नवी नावं घ्यायची. चूक निघाली की कळायचंच नाही, प्रोग्रॅम बिघडला की आज माणसंच वेगळी होती? मी चिडवायचे, "रोज नवा नवरा बघितलास तर एकाचा तरी स्वभाव कळेल का तुला?" तिच्या आईने मात्र चुलीपुढे बसून एका वाक्यात निकाल लावला. "माप रोज बदललं तर तांदूळ कमी झालं का मापटं ल्हान, कसं कळंल गं? माप तेच ठेवावं."

झालं! विमलने नऊ माणसं जन्माला घातली, एकजात सगळी अवघड. रामा कायम रजेवर. शंकर दोन, नाव-आडनाव सारखंच. सखूला रात्रपाळी द्यायची नाही. पांडूची पाळी बदलायची ती नेमकी सुटीच्या दिवशी. या नऊ जणांची बरोबर उत्तरंही तिने कार्डांवर पंच करून घेतली. प्रोग्रॅममध्ये काही बदललं की आधी हीच नऊ माणसं आत सोडायची, आणि मशीनने स्वतःच ताडून पाहून फक्त चुका छापायच्या. म्हणजे कोरा कागद आला की सगळं बरोबर! असला उलटा आनंद मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. कोरा कागद बाहेर सरकला की विमल ओरडायची, "नसीम, चहा!"

आणि ऐन दसऱ्याच्या तोंडावर साप्ताहिक सुटी रविवारची गुरुवारवर गेली, वीजकपातीमुळे. सगळा प्रोग्रॅम उलटापालटा. पहिल्या कागदावर सखू रात्रपाळीला, दुसऱ्यावर दोन्ही शंकर एकाच जागी... आणि शेवटी, कोरा! विमल एसीच्या खोलीत अनवाणी नाचली हो. त्या भरात खऱ्या कामगारांची कार्डं घातली, तक्ता छापला, फळ्यावर लावला. ती गेली नागपूरला, दीक्षाभूमीवर. मी घरी.

तपासणीची नऊ माणसं मशीनमध्ये आतच राहिली होती, आणि खऱ्यांबरोबर तक्त्यावर छापून आली होती!

कारखाना कुठला दसऱ्याला थांबतोय. फोरमन दुसऱ्या पाळीला पांडूची वाट बघून लाल झाला. "मेमो द्या त्याला!" युनियनवाले धावले. "पांडू आमचा जुना माणूस हाय, मेमो दिलात तर गेट बंद!" तक्त्यावर कारखान्याच्या बससाठी प्रत्येकाचं गाव छापायचो, आणि विमलने त्या नऊ जणांनाही आपलं खालापूरकडचं गावच देऊन टाकलेलं. शिपाई सायकल मारत तिथे पोचला, आणि भेटली कोण? विमलची आई! गरिबाच्या पोराची नोकरी जाऊ नये म्हणून त्या माउलीने ठोकून दिलं, "पांडू व्हय? आत्ताच गेला बगा कामाव. जरा ताप व्हता त्याला."

विमल परतल्यावर साहेबांनी बोलावलं. मी दाराशी कान लावून. काशिनाथभाऊ तक्ता पुढे करून म्हणाले, "ही बघा चूक." विमल म्हणाली, "चूक माझी साहेब. ही माणसं तपासणीची, काढायची राहिली." साहेबांनी काशिनाथभाऊंनाच तक्ता तपासायला बसवलं. ते दुपारपर्यंत पेन्सिल घेऊन बसले. उठून म्हणाले, "खऱ्यांच्या सगळ्या पाळ्या बरोबर हायत. आन् पांडूचीबी बरोबर हाय, असता तर!" साहेब इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. विमल राहिली त्या खोलीत, निवृत्तीपर्यंत राहिली. त्यानंतर तपासणी झाली की ती एकेकाचं नाव घेऊन कार्ड बाहेर काढायची, मी "आला" म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, झाकण लावायचं, मगच पुढचं काम. आणि पांडूचा ताप उतरला का, हे काशिनाथभाऊ मला बरीच वर्षं विचारत होते.

परवा विमलच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले होते. माणसं पांगल्यावर रंजनाने पत्र्याचा तो डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. नऊच्या नऊ जण आत, रबरबँड मात्र विरघळून कार्डांना चिकटलेला. खाली दोन्ही कडांना भोकं असलेला रुंद कागद, चार घड्या घातलेला. तिने उलगडला, उजेडाकडे धरला, मागून-पुढून पाहिला.

"मावशी, हा तर कोराच आहे. टाकून देऊ?"

"टाकतेस काय गं!" मी ओरडलेच. "चहा ठेव आधी."