आधी पाठवलेला गोषवारा

शोधनिबंधाचा गोषवारा सगळ्यात शेवटी लिहायचा असतो, असं मी वर्गात तोंड वर करून सांगते. माझा मात्र मी आधी लिहिला होता. आमच्याकडे चालतं तसं. परिषदेची तारीख जवळ आली की गोषवारा पुढं पाठवायचा, अभ्यास मागून येतो.

माझा विषय होता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या यंत्रमाग कामगारांचे कान. टॉवेलच्या एका कारखान्यात मी सगळ्यांना कानात घालायचे मऊ बोळे वाटले. सहा महिने त्यांचं ऐकणं तपासायचं होतं. दोन महिने होतायत तोवर परिषदेनं गोषवारा मागितला. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, त्यात निष्कर्ष ठाम हवा, ‘अपेक्षित आहे’ वगैरे गुळमुळीत नको. मीही शहाणी! ठोकून दिलं, की बोळ्यांमुळे कामगारांची श्रवणशक्ती कमी होणं थांबलं. वाक्य इतकं झकास जमलं होतं की मीच ते दोनदा वाचलं.

नंतर कळलं, बोळे कुणी घालतच नव्हतं. ते घातले की मागाचा बदललेला आवाज कळत नाही, धागा तुटला तरी पत्ता लागत नाही आणि माल खराब होतो. मागावरचा माणूस डोळ्यांइतकाच कानांनी काम करतो, हे आधी विचारायची अक्कल मला नव्हती. तपासणीत सगळ्यांचंच ऐकणं कमी होत चाललेलं दिसलं. सगळ्यात वाईट हाल होटगीहून येणाऱ्या एका मामांचे. उरलंसुरलं ऐकणं तरी वाचावं म्हणून त्यांनी पॅकिंगला बदली मागितली होती. तिथं आवाज नसतो.

मालकानं त्यांच्यापुढं परिषदेच्या पुस्तकातलं माझं पान धरलं आणि बदली नाकारली. ते पुस्तक मीच मोठ्या कौतुकानं त्याला नेऊन दिलं होतं.

मी तशीच कारखान्यात गेले. मालक शांतपणे म्हणाला, हे चुकीचं आहे असं लिहून द्या, उद्या बदली करतो. बाईंनी फोनवर बजावलं, आता माघार घेतलीस तर पीएचडी विसर. मी लिहून दिलं नाही. बघते, बघते म्हणत आठवडा काढला. लाज वाटते सांगायला.

शेवटी मामाच कॉलेजात आले. त्या पानाची झेरॉक्स पुढं ठेवली आणि म्हणाले, इंग्रजी आहे, मराठीत सांगा. मी त्यांच्या कानाशी वाकून सांगायला लागले. ऐकू जाईना, म्हणून आवाज चढवला. स्टाफरूममधले सगळे माना वळवून बघायला लागले. शेवटचं वाक्य तर तीनदा ओरडून सांगावं लागलं.

मामांनी मान डोलावली.

“लई चांगलं लिवलंय, म्याडम. ही मानसं कुटल्या कारखान्यातली हायती?”

“तुमच्याच,” मी म्हणाले. तेही त्यांना ऐकू गेलं नाही.