थोट्या हाताला हळदकुंकू

खंडेनवमीला साहेबांनी माझ्या थोट्या हाताला हळदकुंकू लावलं.

सगळ्या मशिनींना झेंडूच्या माळा घालून झाल्या होत्या. ड्रिल, प्रेस, वरून लटकणारे स्क्रूड्रायव्हर, सगळ्यांना गंध लागलं होतं. नारळ फुटला. मग साहेब म्हणाले, "अरे, आपलं खरं मशीन राहिलंच की. ए, इकडे ये. बाही वर कर."

मी पुढे गेले. डाव्या हाताने उजवी बाही कोपरापर्यंत सरकवली. मनगटाच्या वर चार बोटं, तिथे माझा हात संपतो. तिथली कातडी शिवलेल्या पोत्याच्या तोंडासारखी आहे. साहेबांनी तिच्यावर हळद लावली, कुंकू लावलं, माळ गुंडाळली. फोटो निघाले. टाळ्या वाजल्या. मी वाकले आणि साहेबांच्या बुटांना हात लावला.

हे मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, सोळाव्या वर्षी सोयाबीनच्या मळणी यंत्रात हात गेला. त्यानंतर घरात मला कुणी काम सांगेना. वाढताना आईसुद्धा माझ्याकडे बघेना. थोरली बहीण नाशकात दिलेली. दाजींच्या ओळखीने तिने मला तिथल्याच अंबडच्या एका कारखान्यात चिकटवलं. विजेचे प्लग जोडायचं काम. पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, घेतोय, पण उपकार विसरू नकोस. मी विसरले नाही. लघवीला उठतानासुद्धा भ्यायचे.

दोन हातांच्या बायका एका हाताने प्लग धरायच्या, दुसऱ्याने स्क्रू पिळायच्या. मी प्लग थोट्या हाताने पोटाशी दाबून धरायचे. संध्याकाळी पोटावर लाल वळ. प्लग सटकून खाली पडला की लाईनीतून कुणीतरी म्हणायचं, "थोटीने घातलं बघा अंडं." सगळ्या हसायच्या. शेजारच्या टेबलाच्या कमलमावशी तेवढ्या हसायच्या नाहीत. वीस वर्षं स्क्रू पिळून त्यांच्या बोटांच्या पेरांना गाठी आलेल्या. तरी वाकून माझा प्लग त्याच उचलून द्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत भाकरी मोडून माझ्यापुढे ठेवायच्या. एका हाताने गार भाकरी मोडत नाही, हे त्यांना न सांगता कळलं होतं.

पायडल करून दिलं फिटरभाऊंनी. ते सटाण्याकडचे, बोलणं कमी. चार दिवस माझ्या टेबलापाशी उभे राहून नुसते बघत होते. मग भंगारातल्या शिलाई मशीनचं पायडल, सायकलच्या ब्रेकची वायर आणि एक छोटा शिकंजा घेऊन आले. पायडल दाबलं की शिकंजा उघडायचा, पाय उचलला की प्लग घट्ट धरून ठेवायचा. "देख बरं, आते कसं शे," त्यांच्या अहिराणीत म्हणाले. मी पहिला प्लग बसवला. हलला नाही. पोटाला काही लागलं नाही. मला रडू आलं, आणि रडता रडताच दुसरा बसवला.

महिन्याभरात मी लाईनीत सगळ्यांच्या पुढे गेले. तिथेच घात झाला. रोज सकाळी फळ्यापुढे सगळ्यांना उभं करून साहेब माझा आकडा वाचायचे. "ही एका हाताने एवढे करते. तुम्ही दोन दोन हात काय लग्नात मिरवायला ठेवलेत?" मग सगळ्यांचं टार्गेट माझ्या आकड्यावर नेऊन ठेवलं. पायडलबद्दल चकार शब्द नाही. जणू मी नुसत्या जिद्दीवर प्लग जोडत होते. बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मी बाकावर बसले की बाक रिकामा व्हायचा, मावशी तेवढ्या राहायच्या. मला कळत होतं. तरी आकडा वाचला की छाती भरून यायची. आईला फोनवर सांगायचे, साहेब रोज माझं नाव घेतात.

तर ती खंडेनवमी. पेढे वाटून झाले. कमलमावशींना वाटलं असेल, सणाच्या दिवशी साहेब नाही म्हणणार नाहीत. पदर सावरत त्या पुढे गेल्या. बोटांच्या गाठी दाखवल्या. नवीन टार्गेट झेपत नाही म्हणाल्या, हिला आहे तसं पायडल मलाही द्या, फिटरभाऊ करून देतो म्हणालेत.

साहेब पेढा चघळत म्हणाले, "मिळेल ना मावशी. आधी हिच्यासारखा हात कापून आणा."

सगळे हसले. लाईन हसली, ऑफिस हसलं. मी पण हसले. मोठ्याने. साहेबांना दिसेल असं हसले. माळ अजून हातालाच होती.

मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. हातातला पेढा पदराच्या टोकाला बांधला आणि जागेवर जाऊन बसल्या.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी भाकरी मोडली नाही. मी भाकरी डब्याच्या झाकणावर कोपराने दाबून धरली आणि तोडून खाल्ली. खाताना मला माझं हसणं ऐकू येत होतं. दिवाळीपर्यंत ऐकू येत राहिलं. इतकी वर्षं लोक माझ्या हाताला हसले. त्या दिवशी माझाच हात पुढे करून साहेबांनी मावशींचं हसं केलं, आणि मी त्यांना साथ दिली. उपकार फेडता फेडता मी कुठवर आले होते ते मला तेव्हा दिसलं.

दिवाळीनंतर मोठ्या ऑफिसातून चार माणसं आली. साहेबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, नीटनेटकी ये. माणसं माझ्या टेबलाभोवती उभी राहिली. एकाने मोबाईल समोर धरला. साहेब म्हणाले, "हात नाही, पण तक्रारही नाही. बाही वर कर गं."

माझा पाय पायडलवर होता. मी तो काढून घेतला. स्टुलावरून उठले.

"नाही करणार," मी म्हणाले. "बघायचं तर पायडल बघा. त्याच्यामुळे जमतं मला. या मावशींनाही ते पाहिजे. त्यांचे हात बघा."

मावशींनी हात दाखवले नाहीत. टेबलाखाली घेतले. एका माणसाने घड्याळ पाहिलं. मग सगळे पुढच्या टेबलाकडे गेले.

दुपारीच साहेबांनी पायडल काढायला लावलं, तेही फिटरभाऊंच्या हातून. "कंपनीच्या भंगारातून केलंय, कंपनीचं आहे. आता दाखव जिद्द." नट सोडवताना फिटरभाऊंनी मान वर केली नाही. पायडल आणि शिकंजा स्टोअरच्या कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागलं.

आता मी पुन्हा प्लग पोटाशी धरते. वळ परत आलेत. माझा आकडा सगळ्यात खाली, आणि साहेब तो अजूनही रोज वाचतात. टार्गेट मात्र खाली आलेलं नाही. बहीण म्हणते, माफी माग, गावाकडे कोण वाट बघतंय तुझी? खरं आहे तिचं. मला भीती वाटते. गेटवर कार्ड लावताना रोज वाटतं, आज आत घेणार नाहीत.

तरी अर्ज लिहिलाय. डाव्या हाताने, वहीच्या पानावर. फिटरभाऊंची मुलगी वकिलीचं शिकते. ती म्हणाली, अपंग कामगाराला कामासाठी लागणारी सोय देणं कायद्यात आहे, त्यात कुणाचे उपकार नाहीत. ते वाक्य मी तिला पुन्हा म्हणायला लावलं.

अर्ज आधी मावशींकडे नेला. हसले त्याची माफी मागितली नाही. ते माफी मागून फिटणारं नाही. कागद फक्त पुढे ठेवला. त्यांनी सावकाश वाचला, घडी घालून परत दिला. "पोरी, माझी नोकरीची तीन वर्षं राहिलीत," म्हणाल्या. सही केली नाही.

बरं. माझी एकटीची सही आहे. सोमवारी अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवणार. त्याआधी एक प्रत कामगार कार्यालयात देऊन पोच घेणार. साहेबांनी फाडला तर दुसरा लिहीन. काढून टाकलं तर गेटबाहेर बसून लिहीन. बाही आता खालीच राहील.

अर्जात दोनच ओळींची मागणी आहे. माझं पायडल परत द्या. शेजारच्या टेबलाला दुसरं लावा.