गळ्यातली गादी

ट्रॅक्टरच्या दुकानातून एकदा आमच्या घरी कॅलेंडर आलं. आता ट्रॅक्टरवाल्याच्या कॅलेंडरवर ट्रॅक्टर असावा की नाही? तर त्यावर रंगवलेले दोन घोडे नांगर ओढत होते. रान कुठलंतरी परदेशातलं. आणि घोडे म्हणजे, अगं बाई, म्हशीला मागं टाकतील अशी छाती, खुरांवर पांढऱ्या केसांचे झुबके. खाली बारीक इंग्रजी लिहिलेलं. शाळेतल्या सरांनी ते वाचून सांगितलं, "ही अवजड कामाची जात. असली जनावरं आता जगात थोडीच उरलीत." मला फार वाईट वाटलं. मी सहावी-सातवीत होते, नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. जगात उरली नसतील तर आपण आपल्या निमगाव सावा गावात वाढवू, असं मी घरी येता येताच ठरवून टाकलं. ठरवायला काय जातंय!

घोडी तर आमच्या दावणीला होतीच. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाडे पळतात, तेव्हा बैलांच्या पुढं एक घोडी सोडतात आणि तिच्यामागं बैल सुसाट सुटतात. त्या घोडीवर दादा बसायचे. दादा म्हणजे माझे वडील. घोडी काटकुळी, पण वाऱ्यासारखी पळायची. मी मात्र कोळसा घेऊन गोठ्याच्या भिंतीवर तिलाच काढायची, पण जाडजूड, झुबक्यांच्या पायांची. आई म्हणायची, "भाकरी गोल येत न्हाई बयेला, घोड्याची ढुंगणं बरी गोल येत्यात!" दादा तर भिंतीकडं नीट बघायचेसुद्धा नाहीत. जाता जाता म्हणायचे, "हत्तीण काढली का गं?"

माझ्या प्रत्येक घोडीच्या मानेवर जू असायचं. कॅलेंडरवर जू नव्हतं, नुसतं गळ्यात जाडसर कातडी कडं होतं. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालतो तसलाच तो काहीतरी नट्टापट्टा, असं मी धरून चालले. नांगर आहे म्हणजे जू असणारच, चित्र काढणारा विसरला असेल बिचारा. म्हणून मी कडं गाळलं आणि जू काढलं. त्याची चूक सुधारल्याचा मला अभिमानही होता.

पुढं घोडीचं वय झालं. गाड्यापुढं पळणं होईना, तेव्हा दादा तिला विकायचं बोलू लागले. मी जेवणावर रुसले. तिला एक शिंगरू होऊ द्या, मग काय ते करा, असं मी दादांना म्हणाले. लोणी गावात वरातीचा एक घोडा होता, उंचापुरा, भरल्या छातीचा. त्याचा मालक यात्रेतला, दादांच्या ओळखीचा. तो म्हणाला, "घोडा लावायचं पैसं नको. शिंगरू शेतीच्या कामाला लागलं तर तुमचं. न्हाई लागलं तर माझं, मी त्याला नाचायला शिकवीन." दादांनी शब्द दिला.

वर्षभरानं शिंगी झाली, म्हणजे मादी शिंगरू. आईसारखीच लाल, पण छाती बापाची. मी रोज सकाळी उठून आधी तिचे पाय बघायची, झुबके फुटलेत का. कसले फुटतायत! तरी तिच्यावर माझा जीव जडला. आई बजावायची, "लई लळा लावू नको, लोणीला गेली तर रडत बसशील."

ती अंगानं भरली तोवर मी कॉलेजात जायला लागले होते. लग्नसराईच्या आधी शिंगीचं काय ते बघायला येतो, असा लोणीच्या मालकाचा निरोप आला. आम्ही घाईघाईनं एका बैलाचं जू तिच्या मानेवर ठेवलं आणि मागं रान सपाट करायची फळी बांधली. बैलाला वशिंड असतं, जू त्याला अडतं. हिला कुठलं वशिंड? जू सरकलं, दोर गळ्याला काचला, तिचा श्वास कोंडला. ती दोन पायांवर उभी राहिली आणि फळी उलटली. दुसऱ्या दिवशी तर जू बघूनच मागं सरायला लागली. दादा म्हणाले, "घोड्याच्या जातीला वढायचं जमत न्हाई. जाऊ दे लोणीला."

माझं डोकंच फिरलं. जपून ठेवलेलं कॅलेंडर ट्रंकेतून काढलं आणि त्यांच्या पुढ्यात आपटलं. "मग ही काय गंमत म्हणून नांगर वढत्यात?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादांनी ते चित्र हातात घेतलं. बराच वेळ बघितलं.

"हे गळ्यात काय हाय?"

"ते नटवलंय."

"नांगरटीला कोण नटवतं का, येडे?"

मी चित्रावर वाकून बघितलं. नांगराचे सगळे दोर त्या कड्यालाच बांधलेले होते. जू घोड्याला लागतच नव्हतं. तो छातीनं आणि खांद्यानं रेटत होता. एवढी वर्षं मी नेमकं तेवढंच गाळून चित्रं काढली होती.

"काढ भिंतीवर," दादा म्हणाले. "हिच्या मापाचं काढ. बरोबर काढ."

मी तिच्या मानेचं माप दोरीनं घेतलं आणि गोठ्याच्या भिंतीवर ते कडं काढलं. दादांनी तेवढंच गोणपाट कापलं, आत पेंढा आणि आईची जुनी गोधडी भरली आणि दाभणानं शिवून काढलं. दोन्ही बाजूंना दोर बांधायला बाभळीची वाकडी लाकडं आवळली. दर थोड्या वेळानं ते उठून भिंतीकडं बघून यायचे आणि परत शिवायला बसायचे. मला तेव्हा त्यांचा इतका लोभ वाटला की बोलायची सोय नव्हती.

ही गळ्यातली गादी घालून शिंगीला रानात नेलं त्याच सकाळी लोणीचा मालक आला. हातात नवा रंगीत लगाम. तो बांधावर उभा राहिला. मला त्याच्याकडं बघवेना. शिंगीनं एक पाऊल टाकलं, मागं ओढ लागली तशी थबकली. मी मनातल्या मनात म्हटलं, बाई, आता रेट. तिनं मान खाली घातली, छाती पुढं दिली आणि फळी हलली. दादा टुणकन फळीवर चढले. ती त्यांनाही घेऊन निघाली, सावकाश, पार दुसऱ्या बांधापर्यंत. वळून परत आली. मला रडूही येत होतं आणि हसूही.

दादांनी फळीवरूनच हाळी दिली, "पावणं, घरी जाऊन च्या घ्या! घोडी कामात हाय!"