रोटाचे गहू

वच्छलाबाईंना काही झालेलं नाही, असं एरंडोलच्या त्या घरात सगळे म्हणत होते. एकटी सून सारिका म्हणत नव्हती. सासू एकाच चहाबद्दल पुन्हा पुन्हा विचारायची. जिथे हयात गेली त्या गल्लीत घर चुकायची. कानातल्या बाळ्या स्वतःच पिठाच्या डब्यात ठेवायची आणि सुनेला चोर ठरवायची. सारिका न्हाणीत जाऊन रडायची. रडेल नाही तर काय करेल बिचारी!

गावातल्या आरोग्य खात्याच्या आशाताईने तिला बजावलं होतं, "हे नुसतं वय नाही. त्यांचं बीपी जुनं, साखर जुनी, ऐकूही कमी येतं. अशांना स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त असतो. तेच असेल असंही नाही. कधी थायरॉइड निघतं, औषधाने सुधारतं. पण डॉक्टरांना दाखवा तर खरं!"

नवरा योगराज मात्र ढिम्म. "वय व्हई गयं, मानूस भूलसच," म्हणायचा. डोंबलाचं वय! लोक मायला वेडी म्हणतील, याची त्याला धास्ती होती. त्या आजाराचं नाव ऐकायचीच त्याची छाती नव्हती.

श्रावणात घरी कानबाई देवी बसायची होती. तिच्या प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या पुरुषमाणसागणिक सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते वच्छलाबाईंच्या हातून. "यंदा मी घेते," सारिका म्हणाली.

योगराज खेकसला, "मायना मान शे तो!"

भाऊबंद जमले. वच्छलाबाईंनी पदर सावरला आणि नाव घेत परातीत गहू टाकले. आपल्या सासऱ्यांचे, नवऱ्याचे, दोघेही केव्हाच गेलेले. मग नातू स्वप्नीलचे. आणि परात झाकायला लागल्या.

"माय, मनी मूठ?" आपली मूठ राहिली म्हणून योगराज हसत म्हणाला.

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, अगदी मायेनं, दारी आलेल्या परक्याकडे पाहावं तसं. "राग नका धरू हो भाऊ. रोट बाहेरना मानूसले देतस नहीत. तुम्हनाकरता भाकर टाकस, जेवीसन जा."

आपलं म्हणणं खरं ठरलं म्हणून सारिकाला बरं वाटायला हवं होतं. कुठलं बरं! तिने भाकरीसाठी पिठाचा डबा काढून दिला.

वच्छलाबाईंनी खरंच भाकरी टाकली. योगराज भाऊबंदांसमोर मांडी घालून बसला आणि खाली मान घालून ती जेवला. हात धुताना सारिकाला हळूच म्हणाला, "सकाळी जळगावले जाऊत, डॉक्टरकडे. तिले सांग, भाकर खायेल पाहुना गाडी घिसन येल शे."