गयाबाईंनी घासलेली भांडी

शिवरात्र झाली की गयाबाई ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हजर व्हायच्या. एका हातात चिंचेचा गोळा, दुसऱ्या हातात राखेचं घमेलं. मी तिथला लिपिक. "बापू, किल्ली द्या," एवढंच म्हणायच्या. मग मागच्या खोलीतून गावच्या मालकीच्या दोन तांब्याच्या हंड्या, चार पितळी पातेली, पराती आणि कढया एकेक करून बाहेर काढायच्या आणि दोन दिवस बसून घासायच्या. लग्नसराई तोंडावर आलेली असायची, पण ती भांडी कुणी नेत नव्हतं. हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी त्या घासायच्या.

भांड्यांचं सांगितल्याशिवाय गयाबाई कळायच्या नाहीत. ग्रामपंचायतीनं ती फार पूर्वी गावासाठी घेतलेली. लग्न असो, बारसं असो, तेरावं असो, अर्ज करावा आणि भांडी न्यावीत. फक्त भीमनगरातून, म्हणजे आमच्याकडच्या बौद्ध वस्तीतून, कुणी मागायला आलं की भांडी नेमकी 'बाहेर गेलेली' असायची. असा नियम आम्ही कुठं लिहून ठेवला नव्हता. असले नियम लिहावे लागत नाहीत.

गयाबाई त्या वस्तीतल्या. सारा जन्म दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात आणि कापूस वेचण्यात गेलेला. अक्षरं शिकल्या त्या उतारवयात, नातीजवळ बसून. वॉर्ड राखीव झाला आणि त्या मेंबर झाल्या. तोवर मी त्यांना अगंतुगं करायचो, नंतर अहोजाहो करू लागलो. समानतेचा तेवढा भाग मला बिनत्रासाचा वाटला.

त्या वर्षी सव्वीस जानेवारीला संविधानाची उद्देशिका वाचायला सरपंचांनी त्यांनाच उभं केलं. बाईमाणूस, त्यातून भीमनगरची, फोटो चांगला येईल असा विचार. गयाबाई शब्दाखाली बोट धरून सावकाश वाचत गेल्या. 'दर्जाची व संधीची समानता' इथं बोट थांबलं. मान वर करून त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, "सायेब, ह्याच्यात गावची भांडी येतेत का?"

लोक हसले. ग्रामसेवक नवा होता, बाहेरगावचा. त्याला आमची रीत माहीत नव्हती. तो म्हणाला, "येतात की."

"मंग तसं लिहा. कागदावर आलं की भीक ऱ्हात न्हाई."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, तहसीलमध्ये, जिथं जातील तिथं ते ऐकवायच्या आणि वर तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या दिवशीच्या ग्रामसभेत ठराव झाला की गावची भांडी गावातल्या सर्वांसाठी. एकमतानं झाला. टाळ्या वाजल्या. लिहिला मीच, माझं अक्षर चांगलं आहे.

वैशाखात गयाबाईंच्या नातीचं लग्न निघालं आणि भांडी पहिल्यांदा भीमनगरात गेली. कुणी अडवलं नाही, शिवी दिली नाही, दगड मारला नाही. आमचं गाव सुधारलेलं आहे. गयाबाई घरोघर जाऊन आवतण देऊन आल्या होत्या, त्याला मान देऊन सगळं गाव लग्नाला गेलं. नवरानवरीवर फुलं टाकली, आहेर केला, आणि पंगत बसायच्या वेळी एकेकाला काही ना काही आठवू लागलं. कुणाचं पित्त, कुणाची म्हैस, कुणाचे बोरीहून यायचे पाहुणे. मीही हात जोडून म्हणालो, "गयाबाई, आज माझी चतुर्थी."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "चतुर्थी परवा झाली की, बापू. आमी चंद्राला पूजत न्हाई, पन दिसतो आमालाबी."

मी हसलो. दुसरं काय करणार? हंडीभर भात तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी भांडी परत आली ती अशी लख्ख की तोंड दिसावं. आणि त्या दिवसापासून गावातल्या एकाही घरानं ती नेली नाहीत. बोरीच्या मंडपवाल्याकडून भाड्याची भांडी येऊ लागली. विचारलं तर लोक म्हणायचे, "तिकडं आचाऱ्यासकट मिळायलंय, हे कोन घेऊन बसतंय?"

गयाबाईंना भांडता येत नव्हतं असं नाही. रेशनवाल्याला त्यांनी एकदा भर रांगेत घाम फोडला होता. पण इथं भांडणार कुणाशी? कुणी काही केलंच नव्हतं. त्या आपल्या दरवर्षी घासत राहिल्या. एकदा मी म्हणालो, "कशाला हात झिजवता? ठराव तर झालाय ना तुमच्या मनासारखा."

"कायद्यानं भांडी देली, बापू. जेवनारा कायदा कुठून देईल? ते तुमालाच यावं लागंल." राखेचा हात थांबवून त्या पुढं म्हणाल्या, "एका घरानं नेली की बाकीचे येतेत. एकच घर पायजे."

मला ते लागलं. खरंच लागलं. त्या भरात मी बोलून गेलो, "माझ्या सुनीताच्या लग्नाला हीच भांडी. शब्द देतो."

पुढच्याच वर्षी सुनीताचं लग्न ठरलं. त्या खेपेला गयाबाईंनी चार दिवस घासलं. चिंचेनं बोटांच्या भेगा उघडल्या होत्या आणि त्यात राख जात होती. जिंतूरहून कल्हईवाला त्यांनीच बोलावून आणला. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळी भांडी ओट्यावर उन्हात मांडून त्या माझी वाट पाहत बसल्या. इकडं बायको म्हणाली, "व्याह्यांना कळलं तर पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागंल." मला तेवढं कारण पुरलं. याहून लहान असतं तरी पुरलं असतं. बोरीचा टेम्पो भांडी घेऊन ग्रामपंचायतीपुढूनच माझ्या घरी आला. गावात शिरायला दुसरा रस्ता नाही.

दुपारी गयाबाई किल्ली द्यायला मांडवात आल्या. "आत ठेवली समदी. पालथी घातलीत, धूळ बसायची न्हाई." सुनीताच्या हातात त्यांनी आहेर दिला आणि निघून गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुढची शिवरात्र झाली, त्या आल्या नाहीत. आधी गुडघे गेले, मग छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलं. मेंबरकीची मुदतही संपली होती. नव्या सरपंचांनी विषय काढला की विनावापर पडलेली भांडी मानवतच्या दुकानात मोडीत द्यावीत आणि त्या बदल्यात देवळासाठी नवी घ्यावीत. ठराव एकमतानं झाला. हाही मीच लिहिला. तांबं-पितळ भट्टीत वितळलं की त्याला कुणाचा हात लागलेला राहत नाही, असं उघड कुणी बोललं नाही. नवी भांडी देवळात आली आणि आठवड्याभरात त्यांत पहिली पंगत उठली. त्या दिवशी कुणाला पित्त झालं नाही.

त्यानंतर मी गयाबाईंना बघायला गेलो. आवाज खोल गेला होता. "भांडी नीट हायेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत."

"मिलिंदला धाडू का घासायला?"

"नको," मी म्हणालो. "लख्ख आहेत."

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

मिलिंद, त्यांचा मुलगा, अर्ज घेऊन कार्यालयात आला. "आईच्या जलदान विधीला भांडी पायजेत. माझं जेवन गावच्याच भांड्यात करा, म्हनली व्हती."

मी सगळं सांगितलं. आता लपवायचं तरी कुणापासून होतं? त्यानं ऐकून घेतलं, अर्जाची घडी केली, खिशात ठेवली. आवाज चढवला नाही. आईवर गेलाय.

"परवा जेवन हाय," उठता उठता तो म्हणाला.

"येतो मी."

तो दारात थांबला. "ऱ्हाऊ द्या, बापू. तुमाला उपास असंल."

तो गेल्यावर मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. परवा चतुर्थी नव्हती, एकादशी नव्हती, काहीच नव्हतं. तरी मी गेलो नाही.